क्रशरची डस्ट एम-सँड म्हणून विकायची आहे? नागपूर जिल्ह्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

क्रशर कुठलाही असो, गिट्टी निघाली की मागे डस्टचा ढीग उरतोच. हीच डस्ट एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू, म्हणून विकता येते. हा ढीग टाकाऊ आहे, कोणीही उचलून न्यावा, असं अनेकजण धरून चालतात. पण ही डस्ट गौण खनिजातूनच निघते. मूळ दगडाची रॉयल्टी भरलेली नसेल तर डस्टची वाहतूकही अडचणीत येते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून अर्जाला हात घालण्याआधी दगड कुठून आला याचा पुरावा जुळवा: स्वतःचा खाणपट्टा असेल तर मंजुरीचा आदेश, रॉयल्टीची चलनं आणि पर्यावरण मंजुरी, दगड विकत घेत असाल तर पुरवठादाराशी केलेला करार आणि प्रत्येक खेपेचा वाहतूक पास.

ढिगाचं माप आधी घ्या

अर्जात साठा अंदाजाने लिहू नका. शंकूसारखा ढीग असेल तर त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले उंची गुणिले 3.14, भागिले 3. त्रिज्या 6 मीटर आणि उंची 4 मीटर असेल तर सुमारे 151 घनमीटर होतात. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे हा ढीग 53 ब्रासचा. तपासणीत मोजमाप झालं आणि अर्जात तुम्ही 30 ब्रासच लिहिलेले निघाले, तर उरलेल्या 23 ब्रासचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागतो.

प्रदूषण मंडळाची संमती: बहुतेक फाइली इथेच अडतात

तुमच्याकडे क्रशरची संमती आहे, पण तिच्यात उत्पादन म्हणून फक्त गिट्टी लिहिलेली आहे. व्हीएसआय मशीन (दगड आपटून वाळूसारखे दाणे करणारं यंत्र) किंवा डस्ट धुण्याचं वॉशिंग युनिट लावायचं असेल तर ही जुनी संमती पुरत नाही. आधी स्थापनेची संमती वाढवून घ्यायची, यंत्रणा उभी राहिली की चालवण्याची. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात आहे. सोबत सातबारा (सहहिस्सेदार असतील तर त्यांचं संमतीपत्र), जागेचा नकाशा, उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी), प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद (किती पाणी लागतं आणि किती बाहेर जातं), जुन्या संमतीची प्रत आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला जोडा. शुल्क याच गुंतवणुकीवर ठरतं. दाखल्यात नवी मशीन धरली नसेल तर फाइल परत येते.

पाण्याच्या ताळेबंदात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे धुण्यातून निघणारा गाळ. आयएस 383:2016 या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे दगड फोडून केलेल्या वाळूत 75 मायक्रॉनखालचा बारीक अंश 15 टक्क्यांपर्यंत चालतो. समजा तुमच्या डस्टमध्ये तो 22 टक्के आहे आणि थोडी सवड ठेवून 12 वर आणायचा आहे. मग 100 टन डस्टमागे सुमारे 11.4 टन बारीक भुकटी पाण्याबरोबर बाहेर पडते. तिच्यासाठी सेटलिंग टँक, सुकवायची जागा आणि शेवटी ती कुठे जाणार (पेव्हर ब्लॉक, विटा, खाणीचा खड्डा भरणं) हे आराखड्यात दिसलं पाहिजे. ग्रॅनाइट-मार्बल कापणाऱ्यांच्या स्लरीलाही हाच नियम लागू होतो. ती नाल्यात सोडणं हा जल कायद्याचा थेट भंग आहे.

बोअरचं पाणी वापरत असाल तर भूजल परवानगीही तपासा. 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाला 10 घनमीटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सूट आहे. पाणी फिरवून वापरलं तर लहान युनिटला या मर्यादेत राहता येतं.

धुळीचा निकष वेगळा आहे: क्रशरपासून 40 मीटरवर हवेतल्या निलंबित धूलिकणांत तुमची भर घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी हवी. वारा अडवणारी भिंत, कन्व्हेयरवर आवरण, पाण्याची फवारणी, आतला पक्का रस्ता आणि झाडांचा पट्टा या गोष्टी अटींमध्येच येतात. पाहणीला अधिकारी येतील तेव्हा फवारा चालू असला पाहिजे. नोझल तुंबलेले नाहीत ना, हे आदल्या दिवशीच बघून घ्या.

महाखनिज आणि रॉयल्टीची सवलत

मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळू धोरण मंजूर केलं. त्यात रॉयल्टी ब्रासला 600 ऐवजी 200 रुपये ठेवली आणि प्रत्येक जिल्ह्यात 50 युनिट्सना सवलती ठरवल्या. पूर्ण एम-सँड बनवणाऱ्या युनिटसाठी ही तरतूद आहे. गिट्टी काढून उरलेली डस्ट तशीच चाळून विकणाऱ्याने ती गृहीत धरू नये. अर्ज महाखनिज या राज्य सरकारच्या गौण खनिजांच्या पोर्टलवर होतो आणि फाइल जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे जाते. आधी मंडळाची संमती हातात घ्या, मगच इथे या. उलट्या क्रमाने केलेला अर्ज त्रुटीत पडून राहतो.

नाव, गट क्रमांक आणि उत्पादन क्षमता सातबारा, उद्यम, संमतीपत्र आणि महाखनिज या चारही ठिकाणी जिथे जिथे येतात तिथे एकसारखी ठेवा. संमतीत दिवसाला 200 टन आणि महाखनिजवर 300 टन लिहिलं असेल तर खुलासा मागितला जातो.

विक्री सुरू झाल्यावर

एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून चाळणी विश्लेषण आणि 75 मायक्रॉनची चाचणी करून घ्या. खाणीचा थर बदलला की पुन्हा करा, कारण मुरमाड दगडात बारीक अंश एकदम वाढतो. टिप्पर गेटबाहेर पडण्याआधी वाहतूक पास निघालेला हवा, आणि पासवरचा गाडी क्रमांक व ब्रास प्रत्यक्ष मालाशी जुळला पाहिजे. सैल डस्ट घनमीटरला साधारण 1.6 टन भरते, म्हणजे ब्रासला साडेचार टन. काट्याची पावती पासशी ताडून बघायला हा आकडा उपयोगी पडतो. संमतीची मुदत संमतीपत्रावरच असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या बराच आधी टाका.