मालक जावा म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हवे? इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या दिवाळखोरीची पार्श्वभूमी

नकोशा मालकाच्या क्लबचे चाहते एकत्र आले की वाद एका मुद्द्यावर येऊन अडतो. एक गट म्हणतो, क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात, गेला तरी बेहत्तर, दंड म्हणून बारा गुण कापले जाऊ देत, पण हा माणूस एकदाचा जाऊ दे. दुसरा गट म्हणतो, त्यात क्लबच संपेल. दोन्ही गटांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आले की मालक जातो. गेल्या पंचवीस वर्षांतली प्रकरणे पाहिली तर हे गृहीतक डळमळीत आहे. कधी मालक गेला, तर कधी तोच माणूस आठ-दहा आठवड्यांत नव्या कंपनीच्या नावाने परत आला.

मागे फार खोल जायची गरज नाही. क्लबच्या नफ्यातून लाभांश किती काढावा आणि संचालकांनी मानधन घ्यावे की नाही, यावर इंग्लंडमध्ये दीर्घकाळ बंधने होती. 1983 मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबने वर एक होल्डिंग कंपनी उभी करून ती शेअर बाजारात नेली. बंधने क्लबला लागू होती, होल्डिंग कंपनीला नव्हती. मैदान एका कंपनीत, संघ दुसऱ्या कंपनीत आणि कर्ज तिसऱ्या कंपनीत, या आजच्या रचनेचे मूळ तिथे सापडते. अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही कायदेशीर सोय 1986 च्या दिवाळखोरी कायद्याने आली. त्यात प्रशासक नेमला की धनकोंना वसुलीची कारवाई थांबवावी लागते आणि तेवढ्या काळात कंपनी विकण्याचा प्रयत्न होतो.

खरी गोष्ट सुरू होते 2002 मध्ये. खालच्या तीन श्रेणींचे सामने दाखवण्यासाठी 31 कोटी 50 लाख पाउंडांचा करार केलेली डिजिटल वाहिनी त्या वर्षी बुडाली आणि त्या पैशांच्या भरवशावर पगार ठरवलेले क्लब उघडे पडले. नवे मैदान बांधून नुकताच खालच्या श्रेणीत उतरलेला लेस्टर ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, देणी बरीचशी पुसून घेतली आणि त्याच हंगामात वरच्या श्रेणीत परतला. ज्यांनी आपली बिले वेळेवर भरली होती त्या क्लबांना हे झोंबले, आणि ते रास्तच होते. त्यातून दंडाचा नियम आला: 2004-05 पासून अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जाणाऱ्या क्लबचे दहा गुण कापायचे. 2015 पासून हा आकडा बारा झाला. सर्वोच्च श्रेणीत तो नऊ होता.

पहिला बळी रेक्सम. डिसेंबर 2004 मध्ये दहा गुण गेले आणि हंगामाअखेर क्लब खालच्या श्रेणीत गेला. तरीही मालक हटवण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हवे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला हाच आहे. तिथल्या मालकाने मैदान स्वतःच्या कंपनीकडे घेतले होते आणि त्याची नजर जमिनीवर होती. प्रशासकांनी कोर्टात जाऊन हा व्यवहार गैर ठरवून घेतला आणि मैदान क्लबकडे परत आले. प्रशासकाला जुने व्यवहार उकरून काढता येतात. चाहत्यांच्या मोर्चाला तो अधिकार नसतो.

आता लीड्स. या प्रकरणावर अजूनही भांडणे होतात आणि आजचे बरेचसे नियम त्यातूनच निघाले आहेत. 4 मे 2007 रोजी, शेवटचा एक सामना उरला असताना, क्लबने अ‍ॅडमिनिस्ट्रेशन पत्करले. गोलफरकाचा विचार करता श्रेणी घसरणे जवळजवळ निश्चित होते, त्यामुळे दहा गुण गेल्याने काहीच बिघडले नाही. देणे साडेतीन कोटी पाउंडांच्या घरात होते. त्याच अध्यक्षाने क्लब परत घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि विनातारण धनकोंना पाउंडामागे आधी अवघा एक पेनी देऊ केला. असा समझोता मंजूर व्हायला मतदान करणाऱ्या धनकोंच्या कर्जाच्या रकमेपैकी 75 टक्के पाठिंबा लागतो. परदेशात नोंदलेल्या ज्या संस्थांचे मोठे कर्ज होते, त्यांनी क्लब याच अध्यक्षाकडे जाणार असेल तरच पाठिंबा देऊ अशी भूमिका घेतली. मतमोजणीत 75.02 टक्के पडले. फेरमोजणीत 75.2.

मुदत संपता संपता कर खात्याने कोर्टात आव्हान दिले. सुनावणी हंगाम सुरू झाल्यानंतर होणार होती, तोवर प्रशासकांकडे खेळाडूंचे पगार भरायला पैसे नव्हते. त्यांनी समझोता गुंडाळून क्लब थेट विक्रीला काढला आणि तो पुन्हा त्याच अध्यक्षाच्या गटाकडे गेला. सर्वोच्च श्रेणीखालच्या तीन श्रेणी चालवणाऱ्या लीगच्या नियमाप्रमाणे समझोत्याशिवाय बाहेर पडणाऱ्या क्लबचे सदस्यत्व नव्या कंपनीकडे देता येत नव्हते. लीगने ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून ते दिले, पण 15 गुण कापून. 2007-08 ची सुरुवात लीड्सने उणे 15 वर केली, पहिले सातही सामने जिंकले, 76 गुणांवर पाचवे आले आणि बढतीसाठीच्या प्लेऑफच्या अंतिम सामन्यात हरले. कापलेले गुण धरले तर 91 होतात, म्हणजे दुसरा क्रमांक आणि थेट बढती. लवादाने शिक्षा कायम ठेवली. लीड्सचे चाहते आजही याला अन्याय म्हणतात. पण ज्या छपाईवाल्याचे, खानावळीवाल्याचे पैसे बुडाले आणि देणेकरी तोच राहिला, त्याच्या जागेवरून पाहिले तर 15 गुण कमीच वाटतात. पुढे पळवाट बुजवली गेली: मार्चचा चौथा गुरुवार उलटल्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला क्लब तसाही घसरणार असेल, तर गुण पुढच्या हंगामात कापतात.

दोन शब्दांचा घोळ इथेच सोडवायला हवा. पहिला ‘गोल्डन शेअर’. क्लबला लीगमध्ये खेळायचा हक्क देणारा हा एक सदस्यत्वाचा शेअर. मैदान, नाव, खेळाडूंचे करार सगळे विकत घेतले आणि हा शेअर मिळाला नाही, तर हाती नुसती इमारत आणि जर्सी उरते. कोव्हेंट्रीत 2013 मध्ये हाच गुंता झाला. शेअर एका कंपनीत होता आणि मालमत्ता बहुतांशी दुसऱ्या कंपनीत, त्यामुळे नेमका ‘क्लब’ कोणता, इथपासून वाद. दहा गुण आधी गेले होते, मैदान भाड्याने देणाऱ्या कंपनीने समझोता नाकारल्यावर आणखी दहा गेले, 2013-14 मध्ये घरचे सामने नॉर्थहॅम्प्टनला खेळले गेले, आणि क्लब विकत घेणारी कंपनी जुन्या मालकांशीच जोडलेली निघाली. ज्याला घालवायचे तोच सर्वांत मोठा तारणधारी धनको असला की हे ओघानेच येते. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेत पुढच्याच वर्षी दुरुस्ती होऊन थकबाकीदार प्रवर्तकाला बोली लावायला मनाई झाली. इंग्लंडमध्ये तशी सरसकट मनाई नाही. एप्रिल 2021 पासून एवढेच झाले की पहिल्या आठ आठवड्यांत जुन्या मालकाशी संबंधित खरेदीदाराला विकायचे, तर धनकोंची मंजुरी किंवा स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो.

दुसरा शब्द ‘फुटबॉल धनको’. खेळाडूंचे थकलेले पगार, दुसऱ्या क्लबांचे ट्रान्सफरचे हप्ते, लीगची देणी, ही सगळी पूर्ण भरल्याशिवाय गोल्डन शेअर पुढे सरकत नाही. उरलेल्यात कर खाते, नगरपालिका, बेकरीवाला. सामन्याला रुग्णवाहिका पुरवणारी स्वयंसेवी संस्थासुद्धा या शेवटच्या रांगेत उभी राहिलेली आहे. कर खात्याने याविरुद्ध खटला लढवला आणि 2012 मध्ये हरले. डिसेंबर 2020 पासून मूल्यवर्धित कर आणि पगारातून कापलेला कर यांना कायद्याने पुन्हा अग्रक्रम मिळाला. लहान व्यापारी होते तिथेच राहिले. त्यांच्यासाठी आता लीगची एकच किमान अट आहे: विनातारण धनकोंना बाहेर पडताना पाउंडामागे 25 पेन्स, किंवा तीन वर्षांत मिळून 35. नाहीतर आणखी 15 गुण जातात.

गाडी अडते कशी, तेही पाहू. सुरुवात बहुधा थकलेल्या करापासून होते. कर खाते कंपनी बंद करण्याचा अर्ज करते, त्याची जाहीर सूचना निघते आणि बँक खाते गोठवते, कारण अर्जाच्या तारखेनंतरचे व्यवहार कोर्टात रद्द ठरू शकतात. मग संचालक किंवा तारणधारी धनको प्रशासक नेमण्याच्या इराद्याची नोटीस देतात. तिच्यामुळे कामकाजाचे दहा दिवस संरक्षण मिळते. नेमणूक झाली की पहिले चौदा दिवस निर्णायक. त्यानंतर ज्यांना कामावर ठेवले, त्यांचा पुढचा पगार प्रशासकाच्या स्वतःच्या फीच्याही आधी द्यावा लागतो. म्हणून त्या चौदा दिवसांत तिकीट खिडकी, अकादमी, कार्यालय इथली माणसे घरी पाठवली जातात. खेळाडूंना हात लावत नाहीत, कारण विकण्याजोगी मालमत्ता तेच आहेत आणि त्यांचे देणे तसेही पूर्ण फेडायचे असते. विगनमध्ये जुलै 2020 मध्ये असे 75 जण गेले. तिथे मालकी बदलून महिनाही उलटला नव्हता. संघाने मैदानावर 59 गुण मिळवले, बारा कापल्यावर 47 उरले आणि तेरावा क्रमांक तेविसावा झाला, म्हणजे श्रेणी घसरली.

पोर्टस्मथने हे दोनदा भोगले, 2010 आणि 2012 मध्ये. 2013 मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने क्लब विकत घेतला, पण तोवर तो सर्वोच्च श्रेणीतून चौथीत पोहोचला होता. डर्बीत मालकाने मैदान स्वतःच्याच कंपनीला विकून हिशेब सावरले. सप्टेंबर 2021 मध्ये प्रशासक आले, बारा गुण गेले, हिशेबाच्या नियमभंगाबद्दल आणखी नऊ. दोन प्रतिस्पर्धी क्लबांनी नुकसानभरपाई मागितली आणि ते ‘फुटबॉल धनको’ ठरतात का, यावर विक्री अडकली. संभाव्य खरेदीदार मागे हटले. क्लब विकला गेला तेव्हा जुलै 2022 उजाडला होता.

ब्लॅकपूलमध्ये मात्र 2019 मध्ये आला तो रिसीव्हर, प्रशासक नव्हे. माजी संचालकाचे कोर्टाने ठरवलेले देणे मालकाकडून वसूल करण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. क्लब स्वतः दिवाळखोर नव्हता, म्हणून लीगने गुण कापले नाहीत. कित्येक हंगाम एक पैसाही न देण्याचा बहिष्कार पाळलेल्या चाहत्यांना मालक गेल्याचे समाधान दंडाशिवाय मिळाले. बरी हा क्लब मात्र अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या दारात पोहोचण्याआधीच संपला. मालकाला आर्थिक क्षमतेचे पुरावे देता आले नाहीत आणि ऑगस्ट 2019 मध्ये क्लब लीगमधूनच बाहेर काढला गेला.

मराठी वाचकाला यातला ब्लॅकबर्न जवळचा. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या पोल्ट्री उद्योगसमूहाने तो सुमारे 2 कोटी 30 लाख पाउंडांना घेतला. महिन्याभरात व्यवस्थापक काढला, 2012 मध्ये क्लब सर्वोच्च श्रेणीतून घसरला, 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला, पुढच्या वर्षी वर आला. चाहत्यांचा राग समजण्यासारखा आहे, तरी इतकी वर्षे तोटा भरून काढणारे हेच मालक आहेत, हेही नाकारता येत नाही. क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला नाही. धोका वेगळ्या बाजूने आला: भारतातल्या चौकशीमुळे 2023 मध्ये क्लबला पैसे पाठवायला दिल्लीतल्या न्यायालयाची परवानगी आणि रकमेइतकी हमी लागू लागली. एकाच खिशावर चालणाऱ्या क्लबचा पगार मग सुनावणीच्या तारखेवर अवलंबून राहतो.

म्हणून ‘येऊ दे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ म्हणण्याआधी दोन नोंदी पाहाव्यात, दोन्ही सार्वजनिक आहेत. कंपनी निबंधकाकडे क्लबवर कोणाचा बोजा आहे, आणि जमीन नोंदणीत मैदान कोणाच्या नावावर आहे. दोन्हीकडे मालकाचेच नाव असेल, तर वाटाघाटीच्या टेबलावरून तो हलणार नाही. शेफील्ड वेन्सडेच्या मालकाने मैदान आधीच 6 कोटी पाउंडांना स्वतःच्या कंपनीकडे वळवले होते. 2025 मध्ये पगार वारंवार थकले, चाहत्यांनी मैदानावर जाणे सोडले आणि 24 ऑक्टोबरला प्रशासक आले. बारा गुण गेले, नंतर थकलेल्या देण्यांबद्दल आणखी सहा. पण त्या दिवशी क्लबची कंपनी आणि मैदानाची कंपनी दोन्ही एकाच वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेल्या, म्हणजे खरेदीदारासमोर संघ आणि मैदान एकत्र विक्रीला आले. उणे सहा गुणांवर तळाला असलेल्या संघाची तिकिटे घ्यायला चाहते त्याच दिवशी परतले.