सोनारला आडवी येते ती हवा

नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचा जलाशय आहे. अशा खतावलेल्या पाण्यात जलपर्णी आणि शेवाळ फोफावते. तिथे खोली किंवा गाळ मोजायला उतरलेल्या बोटीच्या सोनारवरही, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्रावरही, बुळबुळीत थर धरतो. पडद्यावर तळाची रेघ पुसट होते, खोलीचा आकडा लुकलुकू लागतो. अशा वेळी गेन, म्हणजे परतलेला प्रतिध्वनी मोठा करून दाखवण्याची सेटिंग, वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने क्षीण प्रतिध्वनीबरोबर गोंगाटही वाढतो. आधी बोट काठाला घ्या आणि ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून हात फिरवून पाहा.

ट्रान्सड्यूसर म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केलेली सिरॅमिकची चकती. विजेच्या स्पंदाने ती थरथरते आणि पाण्यात ध्वनी सोडते. तळावरून परतलेला ध्वनी तिला हलवतो तेव्हा तीच वीज निर्माण करते. पाण्यातला ध्वनी हवेला भिडला की ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा तिथूनच मागे फिरते. म्हणून शेवाळापेक्षा त्याने धरून ठेवलेले बुडबुडे जास्त नडतात. उन्हात शेवाळ स्वतःच ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते. तेलकट पृष्ठभागावरही पाणी नीट पसरत नाही, आणि हवा चिकटून राहते.

सफाईला मऊ फडके, गोडे पाणी आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचे काही थेंब पुरतात. थर वाळून कडक होण्याआधीच, बोट बाहेर काढल्या काढल्या पुसावे. तरीही निघाला नाही तर प्लॅस्टिकची घासणी, आणि अगदी शेवटी बारीक वॉटर पेपर, ओला करून, हलक्या हाताने. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांना हातही लावू नये. त्यांनी आवरण मऊ पडते, तडकते. प्रेशर वॉशरचा झोतही त्यावर मारू नये. पाण्यात सोडण्यापूर्वी तोंडावर साबणाचे पाणी चोळले की पहिल्या मिनिटापासून पृष्ठभाग ओला राहतो.

सफाईनंतरही आकडा तुटत असेल तर कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट बुरशीसारखे दिसते ते तांब्याचे गंजणे. रबरी रिंग चिरली असेल तर बदला. केबल कापून जोड देऊ नका, त्यातून गोंगाट शिरतो.

आता तपासणी, आणि मोजमापाच्या बोटीवर हीच सर्वांत मोलाची. सपाट धातूची पाटी खुणा केलेल्या साखळीने ट्रान्सड्यूसरखाली सोडायची आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून २, ५, १० मीटरवर धरून पडद्यावरचे आकडे लिहायचे. सगळीकडे सारखाच फरक आला, समजा १५ सेंटिमीटर, तर ट्रान्सड्यूसर पाण्यात किती बुडाला आहे तो आकडा चुकला आहे. फरक खोलीबरोबर वाढत गेला तर यंत्रात भरलेला ध्वनीचा वेग चुकला आहे. गोड्या पाण्यात २० अंशांना तो सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, ३० अंशांना सुमारे १५०९. हिवाळ्यातला आकडा उन्हाळ्यात तसाच राहिला तर ३० मीटर खोली अर्ध्या मीटरने कमी दिसते, आणि तेवढा गाळ नसताना तो नोंदवला जातो.

तोतलाडोहसारख्या खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड असते. तिथे पृष्ठभागाच्या तापमानावरून काढलेला वेग खऱ्या सरासरीपेक्षा जास्त येतो. म्हणून पाटी साखळी पोचेल तितकी खोल सोडावी, आणि तारीख, तापमान व ठेवलेला वेग बोटीच्या वहीत त्याच वेळी लिहावा.