सिप्रो, ओफ्लॉक्स आणि घरातल्या बाकीच्या गोळ्या

मे महिन्यात टँकरचं पाणी पुरवून पुरवून वापरायचं म्हटलं की पिणंही कमी होतं. शेतात राबणाऱ्या बायका तर आडोसा मिळत नाही म्हणून मुद्दामच कमी पाणी पितात. मग उन्हाळी लागते, लघवीला आग होते. जूनमध्ये पहिले पाऊस पडले की आडाचं, बोअरचं पाणी गढुळतं आणि गावोगाव जुलाब सुरू होतात. मराठवाड्यात या दोन्ही वेळी मेडिकलच्या काउंटरवरून जी गोळी सर्रास हातात पडते, ती बहुधा क्विनोलोन नावाच्या अँटिबायोटिक कुळातली असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही सगळी त्याच घरची भावंडं.

औषध चांगलं आहे, हे आधीच सांगतो. किडनीपर्यंत पोचलेला लघवीचा संसर्ग, प्रोस्टेटची सूज, हाडातला पू अशा अवघड जागी ते पोचतं. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला, तेव्हा टेट्रासायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटल्या होत्या. आज प्लेगच्या मान्य औषधांत सिप्रो आणि लेव्होही आहेत. माझी तक्रार औषधाबद्दल नाही. घरात आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांशी त्याचं कुठे बिनसतं, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, याबद्दल आहे.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे नॅलिडिक्सिक ॲसिड. जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मलेरियावरचं क्लोरोक्विन बनवताना एक जोडपदार्थ मिळाला, त्यावर काम करता करता १९६२ मध्ये हे औषध पुढे आलं. नंतर रेणूत फ्लोरीनचा अणू बसवला आणि ताकद कितीतरी वाढली. सिप्रोला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

हे औषध जंतूच्या डीएनएवर घाव घालतं. दोन पदरी दोराचे पदर एका टोकाने ओढून वेगळे करू लागलो की पुढच्या भागात पीळ चढतो आणि गाठी पडतात. जंतू आपल्या डीएनएची नक्कल काढतो तेव्हा नेमकं हेच होतं. तो पीळ सोडवायला त्याच्याकडे गायरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते डीएनए तोडतं, दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे नेतं आणि तुटलेली टोकं पुन्हा सांधतं. क्विनोलोन ऐन तोडलेल्या अवस्थेत या विकराला जखडून ठेवतं. सांधणं होत नाही, डीएनएचे तुकडे राहतात आणि जंतू मरतो. माणसाच्या पेशीतलं असंच काम करणारं विकर वेगळ्या घडणीचं असल्याने नेहमीच्या डोसात ते सहसा या औषधाच्या तावडीत सापडत नाही.

आता घरातल्या गोळ्यांकडे येऊ. क्विनोलोनचा रेणू कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह आणि जस्त यांना पोटातच घट्ट धरतो. असं जोडलेलं औषध आतड्यातून रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जातं. ॲसिडिटीचं पातळ औषध म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम. ते घेऊन लगेच सिप्रो घेतली तर रक्तात पोचणारं औषध ८० टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं. पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळीने असं होत नाही.

उन्हाळी लागलेल्या एखाद्या बाईचं उदाहरण घ्या. अंगात रक्त कमी म्हणून आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चालू आहे, कंबर दुखते म्हणून कॅल्शियम चालू आहे. सिप्रोने पोटात जळजळतं म्हणून ती वरून ॲसिडिटीचं औषध पिते, आणि सगळं मिळून जेवणानंतर एकदाच घेते. कोर्स इमानदारीने पूर्ण होतो, पैसे जातात, आग मात्र थांबत नाही. वर जंतूंना अर्धामुर्धा डोस मिळतो, आणि प्रतिरोध वाढायला तेवढं पुरतं. म्हणून सिप्रो या गोष्टींच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची असते. लेव्होसाठी दोन्ही बाजूंनी २ तास पुरतात. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर सिप्रो घेतली तर साधारण एक तृतीयांश औषध वाया जातं, तेव्हा ती ताकाबरोबरही गिळू नये. घरच्या पूर्ण जेवणात थोडं दूध-दही असेल तर बिघडत नाही.

याच बाईला आग कमी व्हावी म्हणून लघवीचं सिरपही मिळतं. त्याने लघवी अल्कधर्मी होते, आणि तशा लघवीत सिप्रो नीट विरघळत नाही, बारीक स्फटिक होतात. त्यात शरीरात पाणी कमी असेल तर किडनीला त्रास होऊ शकतो. खाण्याच्या सोड्यानेही लघवी तशीच होते. सिप्रो चालू असताना सिरप हवंच का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं, आणि पाणी भरपूर प्यावं.

दुसरं भांडण यकृतात होतं. काही औषधं मोडून काढणारं एक विकर सिप्रो अडवते. दम्याला अजूनही सर्रास दिल्या जाणाऱ्या डेरिफायलिन गोळीतलं थिओफायलिन मग रक्तात साचतं आणि मळमळ, धडधड, कधी झटकेही येतात. कंबरदुखीच्या जोडगोळीत अनेकदा टिझानिडिन असतं. सिप्रोसोबत त्याचं रक्तातलं प्रमाण सरासरी १० पट होतं आणि बीपी एकदम खाली येतं. ऊसतोडीहून कंबर धरून आलेल्या माणसाला या दोन गोळ्या एकत्र मिळणं सहज शक्य आहे, आणि ही जोडी पूर्ण वर्ज्य आहे. चहातलं कॅफिनही रेंगाळतं, म्हणून दिवसाला सात-आठ कप पिणाऱ्याची झोप उडते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाची लय बिघडू शकत असल्याने ॲझिथ्रोमायसिनसारखं तसंच दुसरं औषध सोबत देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शुगरवाल्या म्हाताऱ्यांची. शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू असताना क्विनोलोन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एकादशीचा उपवास, जुलाबाने रिकामं पोट आणि त्यावर या दोन्ही गोळ्या असं जुळून आलं तर माणूस घामाघूम होतो, हात कापतात, बरळतो, शुद्धही हरपते. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. अशा वेळी शुद्धीवर असेल तर आधी साखरपाणी द्यावं आणि लगेच दवाखाना गाठावा. साखरेचा असाच गोंधळ घालणाऱ्या गॅटिफ्लॉक्सासिन या त्याच कुळातल्या औषधाच्या गोळ्या-इंजेक्शनांवर भारताने २०११ मध्ये बंदी घातली.

कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, धोका वेगळा आहे. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा या औषधाने दुखावते, क्वचित तुटते, तीही कधी कोर्स संपून काही महिन्यांनी. साठीपुढचे लोक आणि स्टिरॉइड घेणारे यांना धोका जास्त. गुडघेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या आणणाऱ्यांना त्यात स्टिरॉइड आहे हे माहीतही नसतं, म्हणून पुडी चालू असेल तर लाजू नका, ते डॉक्टरांना सांगा. टाचेमागे दुखू लागलं, तळपायाला मुंग्या किंवा आग सुरू झाली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंडरेचा ठळक इशारा २००८ मध्ये छापायला लावला आणि २०१६ मध्ये सांगितलं की साध्या सायनस, ब्राँकायटिस आणि लघवीच्या साध्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नयेत. गरोदरपणी आणि लहान मुलांना ती सहसा टाळतात. मिरगी किंवा मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल तर ते आधी सांगावंच लागतं. काहींची कातडी उन्हाने भाजते, आपल्याकडच्या उन्हात तर हे लक्षात ठेवावंच.

पाण्यासारख्या साध्या जुलाबाला तर बहुतेक वेळा या गोळीची गरजच नसते. ओआरएस लागतं. शौचात रक्त, जोराचा ताप असं असेल तर डॉक्टर ठरवतील. टायफॉइडच्या जंतूंनी आपल्या भागात या कुळाला बऱ्यापैकी दाद देणं सोडलं आहे, म्हणून आता ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन द्यावं लागतं.

खोकल्याला लेव्हो देणं आणखी घातक, कारण क्षयाच्या जंतूवर ते चालतं. आठवडाभरात माणसाला बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबतं आणि तोवर घरातल्या इतरांना लागण होते. नुसत्या या एका औषधाने क्षय बरा होत नाही, उलट जंतू त्याला सरावतो. पुढे औषधांना न जुमानणारा क्षय झालाच तर उपचारात लेव्हो किंवा याच कुळातलं मॉक्सी (मॉक्सिफ्लॉक्सासिन) लागतं, आणि ते आधीच निकामी झालेलं असतं. १ मार्च २०१४ पासून लेव्हो आणि मॉक्सी एच-वन यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि डॉक्टरचं व रुग्णाचं नाव दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात लिहून ३ वर्षं जपायचं. पण कात्रीने कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर औषधाचं नावही उरत नाही आणि मुदतही दिसत नाही. म्हणून पूर्ण स्ट्रिप आणि पक्कं बिल मागावं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यातून ही तपासणी मोफत होते.