कंसातला विषय: पुण्यात क्रिएटिव्ह कम्प्युटिंग शिकण्याची पार्श्वभूमी

पुण्यात क्रिएटिव्ह कम्प्युटिंग शिकलेल्या तिघांच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकीवर बीबीए (सीए), दुसरीवर बी.टेक. (कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन) आणि तिसरीवर डिझाइनची पदवी, बी.डेस., असं छापलेलं दिसेल. तिघंही कोड लिहून पडद्यावर चित्रं हलवतात, सेन्सर जोडून दिवे पेटवतात, छोटे खेळ बनवतात. प्रवेशासाठी एकाने मॅनेजमेंटवाल्यांच्या रांगेत बसून सीईटी दिली, दुसऱ्याने फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची, तिसरीने पेन्सिलने चित्र काढून दाखवलं. जो विषय ते खरोखर शिकले, तो कुणाच्याच पदवीच्या मुख्य नावात नाही. असलाच तर कंसात, तोही अर्धामुर्धा.

जुना काळ थोडक्यात आटोपतो. पुणे विद्यापीठ १९४९ चं. प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर चित्रपट शिकवणारी संस्था उभी राहिली ती १९६० साली. गणेशखिंडीतलं विद्यापीठ आणि लॉ कॉलेज रस्त्यावरची ती संस्था यांच्यामध्ये सेनापती बापट रस्ता तेवढा, पण एकीकडचं गणित आणि दुसरीकडचं चित्र एका अभ्यासक्रमात यायला काही दशकं गेली. १९८८ मध्ये गणेशखिंडीतच प्रगत संगणनाची केंद्रीय संस्था, सी-डॅक, आली. १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला आणि वर्तमानपत्रांत फोटो त्याचेच आले. माझ्या मते आपल्या विषयाशी जवळचं नातं त्याच संस्थेतल्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या कामाचं होतं. कानपूरहून आलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं. पीसीत एक कार्ड बसवायचं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसायची. मात्रा कुठे बसेल, जोडाक्षर कसं जुळेल, रफार कुणाच्या डोक्यावर जाईल, हे सगळं गणितात बसवावं लागलं. हे क्रिएटिव्ह कम्प्युटिंगच होतं, त्याला कुणी तसं म्हटलं नाही इतकंच. खातं भाषा-तंत्रज्ञानाचं, म्हणून ते त्याच कंसात राहिलं.

आता माझा काळ. १९९९ मध्ये मी एका मल्टिमीडिया क्लासात शिकायला गेलो आणि पुढे तिथेच शिकवू लागलो. त्यामुळे या काळाला माझं माप झुकतं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

खाली साड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आणि वर आमचा क्लास. दहा-बारा मशीन, त्यातली दोन-तीन बरी. शिकवायला फोटोशॉप, कोरलड्रॉ, थ्रीडी स्टुडिओ मॅक्स, डायरेक्टर, फ्लॅश. मुलं दोन तऱ्हांची. एक म्हणजे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवलेली, कमर्शिअल आर्ट करणारी, गणिताला बिचकणारी. दुसरी इंजिनिअरिंगला नंबर न लागलेली, हाताने सरळ रेघ न येणारी. या दोघांना एका बाकावर आणण्याचं काम पुण्यात पहिल्यांदा कुठल्या विद्याशाखेने नाही, क्लासांनी केलं. डायरेक्टरमध्ये लिंगो नावाची भाषा होती आणि २००० साली फ्लॅशच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ॲक्शनस्क्रिप्ट आली. बटण दाबल्यावर पाखरू उडायला हवं असेल तर चार ओळी लिहाव्याच लागत. कमर्शिअलची पोरं ‘इफ’ आणि ‘एल्स’ शिकली ती अशी, पाखरासाठी.

रेंडरिंग, म्हणजे सीनच्या एकेक फ्रेमचं चित्र मशीनने तयार करणं, रात्रभर चालायचं. बुधवारी रात्री मात्र कुणी मोठा सीन लावायचा नाही, कारण गुरुवारी सकाळी देखभालीसाठी लाइट जाणार हे पुण्यात पंचांगाइतकं पक्कं. एकाने तरी लावलाच. सकाळी आलो तर यूपीएस ओरडून ओरडून गप्प झालेला आणि फोल्डरमध्ये चारशेपैकी एकशे ऐंशी फ्रेम. शेवटचा प्रोजेक्ट सीडीवर द्यायचा असे. सीडी लिहिताना कुणी माउस हलवला तरी मशीनकडून डेटा पुरवायचा राहून (बफर अंडररन) ती वाया जाईल, या भीतीने अख्खा क्लास हात मांडीवर ठेवून बसायचा.

या क्लासांना पदवी देता येत नव्हती. काहींनी दूरशिक्षणाच्या विद्यापीठांशी जोडून घेतलं, काहींनी लांबच्या राज्यांतल्या खासगी विद्यापीठांची पाटी लावली. २००५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या शंभरावर खासगी विद्यापीठांची स्थापनाच रद्द ठरवली, तेव्हा अशा पाट्यांवरचा विश्वास उडाला. नोकऱ्यांना मात्र तोटा नव्हता. ई-लर्निंगचा मजकूर बनवणाऱ्या कंपन्या पुण्यात पुष्कळ होत्या आणि त्यांना फ्लॅश येणारी माणसं हवी होती. पदवी बीकॉमची आणि काम ॲक्शनस्क्रिप्टचं, असे कित्येक जण माझ्या ओळखीत आहेत. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर अधिकृतपणे बंद झाला, तेव्हा यातल्या काहींची पंधरा-पंधरा वर्षांची कामं कुठल्याच ब्राउझरमध्ये उघडेनात.

विद्यापीठात याच काळात काय होतं? कॉम्प्युटर ग्राफिक्स. इंजिनिअरिंग आणि बीसीएसवाल्यांना (बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स) वेगळं सांगायला नको: सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या टर्बो सीचा निळा पडदा, ग्राफिक्स सुरू करणारी इनिटग्राफ ही आज्ञा, बीजीआय फोल्डरचा पाथ चुकला की एरर, आणि ब्रेसनहॅमची रेघ. रेघ काढायची ही पद्धत १९६५ साली प्रसिद्ध झालेली, गणित म्हणून आजही सुंदर. पण ती आल्यावर तिने काय काढावं, हा प्रश्न जर्नलच्या, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीच्या, कुठल्या रकान्यात नव्हता. आणि २००१ पासून राज्यभर पसरलेल्या एमएस-सीआयटीने घराघरांत ‘कॉम्प्युटर येतो’ याचा अर्थ वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट असा पक्का केला.

क्रिएटिव्ह कम्प्युटिंग हे नाव आपल्याकडे बाहेरून आणि उशिरा आलं. अमेरिकेत त्या नावाचं नियतकालिक १९७४ ते १९८५ निघत होतं. त्यात बेसिकमधले खेळ ओळीन् ओळ छापलेले असत आणि लोक ते घरी टाइप करत. लंडनच्या एका कॉलेजाने या शतकाच्या पहिल्या दशकात हे शब्द पदवीच्या नावात घातले. २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोसेसिंग ही कलाकारांसाठीची प्रोग्रामिंगची सोय तयार झाली, २००५ मध्ये इटलीत सेन्सर आणि दिवे जोडून कोडने चालवायचा आर्डुइनोचा बोर्ड आला. पुण्यात या दोन्ही गोष्टी पोहोचल्या त्या वर्कशॉपमधून आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून. बोर्डाची स्वस्त नक्कल, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी तिथे एका पुडक्यात मिळतात. ‘सर्जनशील संगणन’ असं मराठी कुणी कागदावर लिहील, बोलताना कुणी म्हणत नाही. विद्यार्थी ‘क्रिएटिव्ह कोडिंग करतो’ म्हणतात, आईवडील ‘ॲनिमेशनला आहे’ म्हणतात आणि प्रवेशाच्या पोर्टलवर तिसरंच काही असतं.

आता त्या पोर्टलकडे वळू, कारण खरा गुंता तिथे आहे.

पदवीचं नाव विद्यापीठाला मनाला येईल तसं ठेवता येत नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आयोगाने ठरवलेल्या यादीतलीच पदवी देता येते. ही यादी २०१४ मध्ये नव्याने जाहीर झाली. यादीत बीएस्सी आहे, बीबीए आहे, बीसीए आहे, बी.डेस. आहे. त्यापुढे विषय लिहायचा तो कंसात. म्हणजे नवा विषय काढणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं की आपण कुणाच्या घरात भाडेकरू म्हणून राहणार. घर निवडलं की फी, शिक्षकांची पात्रता, बारावीच्या अटी आणि प्रवेशाची रीत, सगळं त्या घरमालकाचं.

पुण्याचं ठळक उदाहरण बीबीए (सीए). सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. चार्टर्ड अकाउंटंटशी संबंध नाही, हे दर जूनमध्ये कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. हा अभ्यासक्रम आधी बीसीए या नावाने वाणिज्य शाखेत होता. विज्ञान शाखेचं बीसीए वेगळं, बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) उर्फ बीसीएस आणखी वेगळं. पुढे वाणिज्यवाल्या बीसीएचं नाव बीबीए (सीए) झालं. शिकवायला सी, डेटा स्ट्रक्चर्स, जावा, वेब. कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्याला प्रवेश. नेमकी हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आर्ट्समधून आलेली, चित्रं काढणारी, बारावीला गणित नसलेली मुलगी जर पुण्यात पदवीसाठी कोडपर्यंत पोहोचत असेल, तर ती याच दाराने. बीसीएसला गणित आड येतं, इंजिनिअरिंगचा तर प्रश्नच नाही.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने नव्या नियमपुस्तिकेत बीबीए, बीएमएस आणि बीसीए आपल्या मान्यतेखाली घेतले. राज्याने लगेच २०२४-२५ पासून या अभ्यासक्रमांना सीईटी लावली. पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. जागा लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे त्याच्या निम्मेही नाहीत, कारण बारावीच्या मुलांना अशी काही परीक्षा आली आहे हेच पुष्कळांना उशिरा कळलं. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. तोवर बीएस्सी आणि बीकॉमचे वर्ग भरून लेक्चर सुरूही झाली होती.

परिषदेची बाजू अशी की देशभर दर्जा एकसारखा राहील, शिक्षक-संख्येचे आणि जागांचे निकष पाळले जातील. त्यात तथ्य आहे. एका खोलीत लॅब थाटून चालवलेली कॉलेजं मीही पाहिली आहेत. पण गंमत बघा. त्याच इमारतीत, त्याच लॅबमध्ये, पुष्कळदा त्याच मॅडमकडून सी शिकणाऱ्या बीसीएसच्या मुलाला सीईटी नव्हती, कारण त्याच्या कंसाबाहेर बीएस्सी लिहिलेलं होतं. आणि कोड शिकायला आलेली मुलगी केवळ कंसाबाहेरच्या बीबीएमुळे मॅनेजमेंटच्या रांगेत. राज्यातल्या काही कॉलेजांनी मग तोडगा काढला: आतला अभ्यासक्रम जवळपास तोच ठेवून बाहेरचं नाव बदललं, म्हणजे सीईटी टळते. त्याबद्दल सरकारी तंबीही मिळाली. दर्जासाठी केलेल्या नियमाला पाटी रंगवून उत्तर मिळणार, हे ज्याने मल्टिमीडिया क्लासांच्या पाट्या बदलताना पाहिल्या त्याला नवीन नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या घरातली कथा सोपी आहे. कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन या नावाची शाखा दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेने २०१७ मध्ये सुरू केली, पुढे ती देशभर मान्य झाली आणि पुण्याच्या कॉलेजांत आली. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या, वेळी एक गृहस्थ मला विचारत होते, “सर, डिझाइन म्हणजे मशीन डिझाइनच ना? आमचा मोठा भोसरीत तेच करतो.” भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात डिझाइन या शब्दाचा अर्थ पन्नास वर्षं तोच आहे, त्यांचं काही चुकलं नाही. मुलाने फॉर्ममध्ये ही शाखा भरली होती ती कॉम्प हुकलं तर कॉम्पच्या जवळचं काही मिळावं म्हणून. अभ्यासक्रमातही बहुतेक विषय कॉम्पचेच, डिझाइनचे मोजके.

बी.डेस.वाले तुलनेने सुखी. आयआयटीची पदवीपूर्व डिझाइन परीक्षा २०१५ पासून आहे आणि तिला शाखेची अट नाही. खासगी डिझाइन कॉलेजं पुण्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला बरीच झाली. तिथे प्रोजेक्टर, सेन्सर, लेझर कटर, सगळं मिळतं. फी किती ते माहितीपुस्तकात पाहावं, बसून.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे कंस जरा सैल केले आहेत, निदान कागदावर. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत आलेल्या रचनेने मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आले. इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचं, असा नियमच आहे. कॉम्प्युटरच्या मुलाने रंगसंगती शिकावी, मराठीच्या मुलीने कोड शिकावा, हे आता नियमात बसतं. कॉलेजात मात्र इलेक्टिव्ह ठरतं ते कुणाचा वर्कलोड कमी पडतोय त्यावर.

यातला एक प्रसंग मी जवळून पाहिला, कुठल्या कॉलेजातला ते राहू दे. बीबीए (सीए)च्या मुलाने पडद्यावर ‘पुणे’ हा शब्द पावसासारखा एकेक अक्षराने पडेल असा प्रोग्राम लिहिला होता. इंग्रजीत लगेच जमलं. मराठीत प पडला, मागून टिंबांच्या वर्तुळाला लटकलेला उकार पडला, मग ण आणि शेवटी तशीच अनाथ मात्रा. दोन अक्षरांचा शब्द संगणकाच्या लेखी चार तुकड्यांचा. ‘ज्ञानेश्वर’ घालून पाहिलं तर दहा. हा प्रश्न गणेशखिंडीत कार्डावर सोडवला गेला त्याला तीस वर्षं उलटून गेली होती. याला ते सांगणारं कुणी नव्हतं, कारण भाषा-तंत्रज्ञान त्याच्या कंसात नाही. शेवटी त्याने अक्षरं हाताने तोडून यादी केली, ‘पु’ आणि ‘णे’, आणि पाऊस नीट पडू लागला. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो दोन वेळा चालवून पाहिला, हसले, मग जर्नल उघडून म्हणाले, “छान आहे. फ्लोचार्ट कुठाय?”