‘वजनात बसत नाही’ आणि ‘चेंडू नेता येत नाही’: दोन वेगळ्या अटी

अमेरिकेतल्या मुलांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट-पॅड घालून हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलमध्ये, ‘वजनाची अट’ या एकाच नावाखाली दोन वेगळे नियम येतात. तिकडे राहणाऱ्या मराठी आईवडिलांनी मुलाचं नाव घालण्याआधी त्यांतला फरक समजून घ्यावा, कारण दोन्हींचा मुलावर होणारा परिणाम अगदी वेगळा आहे.

पहिली अट संघात बसण्याची. आपल्या किशोर-कुमार गटाच्या कबड्डीसारखीच: वय इतकं, वजन इतकं. १९२९ साली फिलाडेल्फियात सुरू झालेली पॉप वॉर्नर ही संस्था अशाच वय-वजनाच्या तक्त्यांसाठी ओळखली जाते. अकरा वर्षांचा मुलगा काट्यावर जास्त भरला, तर त्याला वरच्या गटात मोठ्या मुलांशी खेळावं लागतं किंवा घरी बसावं लागतं.

दुसरी अट फक्त चेंडूपुरती. जड मुलगा आपल्याच वयाच्या मित्रांसोबत खेळतो, पण त्याच्या हेल्मेटवर पट्टा किंवा फुली चिकटवतात. त्याने चेंडू घेऊन पळायचं नाही, लाइनवरच, म्हणजे दोन्ही संघ समोरासमोर भिडतात त्या पुढच्या रांगेतच, खेळायचं. सुटलेला चेंडू त्याच्या हाती आला, तर बहुतेक लीगमध्ये शिट्टी वाजते आणि खेळ तिथेच थांबतो.

यामागचा विचार मला पटतो. नुसत्या वजनाने इजा होत नाही, वेगात आलेल्या वजनाने होते. साठ किलोचा मुलगा दहा पावलं धावत येऊन पस्तीस किलोच्या मुलावर आदळणं वेगळं, आणि लाइनवर हातभर अंतरावरून भिडणं वेगळं. पहिली अट मुलालाच बाहेर काढते, दुसरी फक्त त्याची धाव काढून घेते.

कुस्तीत वजनगट चालतात, मग इथे का नकोत, असं कुणी विचारेल. कुस्तीत जड मल्लालाही त्याच्या वजनाचा गट असतो. इथे मर्यादेपलीकडे त्याच्या वयाचा गटच उरत नाही. शिवाय मुलग्यांचं वयात येणं साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होतं. आपलं शरीर कधी वाढावं हे पोराच्या हातात नसतं.

आणि काट्याची भीती फार वाईट. वजनात बसण्यासाठी पोरं सकाळपासून पाणी पीत नाहीत, अंगावर प्लास्टिकची पिशवी चढवून पळतात, कपात थुंकत बसतात. १९९७ साली अमेरिकेत असंच झटपट वजन उतरवताना कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले, तेव्हा कुठे तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. ते जाणते, वीसेक वर्षांचे होते. इथे तर दहा वर्षांचं लेकरू.

दुसऱ्या अटीतही खोट आहेच. पट्टा लागला की प्रशिक्षक त्या मुलाला चेंडू पकडायला शिकवतच नाहीत. लाइनवर धडका तुलनेने हलक्या, पण जवळजवळ प्रत्येक डावाला बसतात. पॉप वॉर्नरने २०१९ पासून सर्वांत लहान तीन गटांत हात जमिनीला टेकवून डोकं पुढे काढण्याचा पवित्रा बंद केला, तो या धडका कमी व्हाव्यात म्हणूनच.

तरीही निवडायचंच झालं, तर मी पट्ट्याची लीग निवडेन. फक्त नाव घालताना विचारून घ्या: वजन हंगामात एकदाच करता की दर सामन्याला? आणि पट्टेवाल्या मुलांना सरावात तरी चेंडू हातात देता का?