परगावच्या दुकानातील जुनी बंदूक घेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परगावच्या एखाद्या दुकानात बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतील रुंदीचे माप) जुनी दुनळी बंदूक विक्रीला आहे, तिचे फोटो मोबाईलवर आले आहेत, ती आपल्यामार्फत मिळेल का, अशी विचारणा आमच्या परवानाधारक शस्त्रविक्रीच्या दुकानात वारंवार होते. मिळते, पण बंदूक कुरिअरने घरपोच येत नाही. ती एका परवानाधारक विक्रेत्याकडून दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडे वाहतूक परवान्यावर येते आणि आपला मूळ शस्त्र परवाना पाहून, त्यावर नोंद करूनच आपल्या हाती दिली जाते.

म्हणून पसंतीआधी परवाना उघडून पाहावा. त्यावर एकमेव ओळख क्रमांक आहे का, मुदत शिल्लक आहे का आणि जो प्रकार व बोअर लिहिला आहे तोच आपण मागत आहोत का, हे तपासावे. शेतीसंरक्षणासाठी बारा बोअरचा परवाना असलेल्यास .३२चे रिव्हॉल्व्हर देता येत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे घरी दोन असतील तर तिसरीचा विचार नको. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बेळगाव किंवा इंदूरला जाऊन बंदूक स्वतः घेऊन येण्याचा खटाटोपही करू नये.

जुन्या बंदुका दुकानात येतात त्या बहुतेक मालकाच्या निधनानंतर. शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 21प्रमाणे वारसांना ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि पुढे अनेक जण ती विकतात. मालक हयात असून स्वतः विकत असेल तर कलम 5 लागू होते : खरेदीदाराचे नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचे. कोकणातील शेतकऱ्यांनी हे दिवस आधीच हिशेबात धरावेत. भात पोटरीला आल्यावर धावपळ सुरू केली तर रानडुकरे आपल्यासाठी थांबत नाहीत. निवडणुकीच्या काळात तर असलेल्या बंदुकाही जमा करण्याचे आदेश निघतात. (शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हेही ओघाने सांगितले पाहिजे.)

खरी कसोटी बंदूक न हाताळता ती पारखण्याची आहे. आमच्या एका ग्राहकाने, आम्हाला न विचारता, परराज्यातील एका दुकानातील दुनळीचे पैसे केवळ फोटो पाहून भरले होते. दस्ता आरशासारखा चकाकत होता. पण उजव्या नळीत टोकापासून वीतभर आत पोचा होता आणि तो फोटोत दिसणे शक्यच नव्हते. तेव्हापासून आम्ही समोरच्या विक्रेत्याकडून व्हिडिओ कॉलवरच तपासणी करून घेतो. बंदूक रिकामी असल्याचे आधी दाखवायचे, मग नळ्या उतरवून आभाळाकडे धरायच्या. आतली प्रकाशाची वर्तुळे एकात एक अखंड दिसली तर नळी सरळ आहे, एखादे वर्तुळ मोडले तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके असतील तर गंजाने खड्डे पाडले आहेत. नंतर नळ्या पुन्हा बसवून, पुढचे लाकूड काढून, मिटलेली बंदूक कानाजवळ हलवायची. टकटक ऐकू आली तर नळ्या आणि मागचा भाग जोडणारा सांधा झिजला आहे, मग कोरीव काम कितीही देखणे असो.

नळी आणि पेटी (चाप व घोड्याची यंत्रणा असलेला धातूचा भाग) यांवरील क्रमांक कागदपत्रांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांक खोडलेला असेल तर तो आपणच खोडला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्यामुळे असा माल आम्ही दुकानात येऊच देत नाही.

1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाल्याने जुन्या विलायती बंदुकांना नावापोटी भरमसाट भाव येतो. आमच्या मते भिंतीवर टांगण्यासाठी नाव ठीक आहे. शेतावर वापरायला इशापूरच्या सरकारी कारखान्यातली धडधाकट एकनळी पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. जुन्या इंग्रजी बंदुकांचे काडतुसाचे घर अनेकदा 65 मिलिमीटरच्या काडतुसाचे असते. त्यात 70 मिलिमीटरचे काडतूस बसल्यासारखे वाटते, पण उडवणे धोक्याचे असते. दमिश्की (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळ्यांची बंदूक काळ्या दारूसाठी घडवलेली असल्याने त्यात आजची काडतुसे वापरण्यास आम्ही कोणालाही सुचवत नाही.

पैसे विक्रेत्याच्या परवान्यावरील नावाच्या बँक खात्यातच भरावेत. समाजमाध्यमांवर ‘परवान्याशिवाय घरपोच’ म्हणणाऱ्याकडे बंदूक असली तर तो गुन्हा आणि नसली तर फसवणूक.

बंदूक आमच्याकडे पोहोचली की आपण मूळ परवाना व ओळखपत्र घेऊन स्वतः यावे. मुलाला किंवा गड्याला पाठवल्यास आम्ही ती देऊ शकणार नाही. परवान्यावर बंदूक बनवणाऱ्या कंपनीचे नाव, बोअर व क्रमांक यांची नोंद आपल्यासमोर होईल. तो परवाना घेऊन, त्यावर नमूद केलेल्या मुदतीत, बंदुकीसह आपल्या पोलीस ठाण्यात आणि परवाना शाखेत तपासणी करून घ्यावी. शहरी आयुक्तालयाच्या हद्दीत ही शाखा पोलीस आयुक्तालयात असते, अन्यत्र जिल्हाधिकारी कार्यालयात. येताना बंदुकीसाठी बंद पिशवी आणावी, नसल्यास दुकानातून मिळेल.