मुंबईतले वाटे मनूचे नव्हते

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज: ‘१९५६ आधी (म्हणजे हिंदू वारसा कायदा येण्याआधी) हिंदूंच्या इस्टेटीचे वाटे थेट मनुस्मृती उघडून व्हायचे.’ निदान मुंबईपुरतं हे साफ चूक.

कोर्टात वजन होतं ते नंतरच्या टीकाकारांना, म्हणजे स्मृतींचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या ग्रंथकारांना. बहुतेक ठिकाणी विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’ (तीही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, मनूवरची नव्हे), बंगालात ‘दायभाग’. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात मात्र मिताक्षरेशी मतभेद पडला की नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ वरचढ. सतराव्या शतकात काशीत लिहिलेला. घराणं मूळचं आपल्या पैठणचं.

समजा, गिरगावात एकजण वारला. वाटण्या आधीच झालेल्या. बायको, मुलं, आईवडील, भाऊ, पुतणे, आजी कुणीच नाही. मागे सख्खी बहीण आणि एक काका. मयूखाप्रमाणे इस्टेट बहिणीची, काकांनी हात चोळत बसायचं. गंमत म्हणजे खुद्द काशीकडे १९२९ च्या कायद्यापर्यंत बहिणीला वारस धरतच नसत!

मुंबई हायकोर्टात वकिली केलेल्या पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा पंचखंडी इतिहासही याच मयूखाच्या प्रस्तावनेचा बेत वाढत जाऊन झालेला.